डाळ शिजते का

नाचण्याच्या सड्यावर, दुपारी सव्वादोनला,
अल्ताफ मुकादम स्कूटर स्टँडवर लावतो आणि म्हणतो,
ही बघा. शांत वस्ती.
शांत म्हणजे किती, ते वहीत कसं लिहायचं?
एक कोंबडा, एक मिक्सर,
लांब कुठेतरी चिरे कापायचं मशीन.

वहीत रकाने आहेत, जबलपूरहून निघताना आखलेले,
रेवाच्या पट्टीने, तिच्याच जांभळ्या पेनाने:
भाडं. पाणी. शाळा. डॉक्टर.
दिवे किती वेळ जातात.
स्टेशनवरून रात्री रिक्षा मिळते का.
आणि तळाला, तिच्या अक्षरात:
कुत्रे चांगले आहेत का.

सडा म्हणजे आमच्याकडे अंगणात शिंपायचं शेणाचं पाणी.
इथे सडा म्हणजे मैलभर काळा कातळ
आणि त्यावर उभ्या बिल्डिंगा, नावं सगळी ओली:
सागरदीप, भरती, किनारा रेसिडेन्सी.
समुद्र दिसतो का, मी विचारलं.
दिसतो, गच्चीवरच्या टाकीवर चढलात तर.
खोटं बोलला नाही म्हणून
मी अल्ताफला मनातल्या मनात दोन मार्क दिले.

कपाटात आधीच्या भाडेकरूचा एक बूट,
हिरवी लव आलेला.
पावसात होतं असं, तो म्हणाला,
आत चाळीसचा बल्ब लावून ठेवायचा.
म्हणजे चार महिने चामड्याची शुश्रूषा.
बिबट्या?
येतो. रोज नाही.

बदलीची ऑर्डर पर्सच्या आतल्या खणात.
गाडीचा नंबर बदलेल, रेवाचं बोर्ड बदलेल,
गॅसचं कार्ड, मतदानाचं कार्ड.
तीन पिढ्या आम्ही तिकडे सांगत आलो,
आम्ही मराठी.
इथे माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत
रिक्षावाला विचारतो, तुम्ही कुठच्या?

समोरचं दार उघडं होतं.
भारती नागवेकर आमसुलं करत होत्या,
हात मनगटापर्यंत लाल,
त्या हातांनी दाराची कडी धरता येईना
म्हणून कोपराने म्हणाल्या, या.

मग मी पुरचुंडी काढली. लाज वाटली, तरी काढली.
मूठभर तूरडाळ, आत्याने बांधून दिलेली.
आत्या रेल्वेतल्या नवऱ्यामागे सहा गावं फिरली,
त्यातल्या एका गावी पाच वर्षं डाळ शिजली नाही.
त्या गावाचं नाव ती घेत नाही.
माणसं दोन दिवस गोड बोलतात, म्हणाली,
पाण्याला तेवढं जमत नाही.

भारतीबाई हसल्या नाहीत.
हात धुतले, छोटा कुकर काढला,
नळाचं घालू की विहिरीचं, एवढंच विचारलं.
नळाचं, मी म्हटलं, मला तेच मिळणार ना.
एक दिवसाआड, त्या म्हणाल्या. मे महिन्यात दोन.
हे मी लिहून घेतलं.

पहिली शिटी.
त्यांचा मुलगा पुण्याला असतो, सून केरळची,
ती तिकडे रोज विचारते, आई, ही भाजी काय म्हणून.
दुसरी शिटी.
अल्ताफ दारात घड्याळ बघतोय.
पावसात या सड्यावर काय काय उगवतं
ते त्या सांगू लागल्या आणि मध्येच थांबल्या,
कुकरकडे बघत, दोघीही, निकालासारखं.
तिसरी.

वायच थांबा, वाफ जाऊं दे.
थांबले. झाकण निघालं.
चिमटीत दाणा धरला, धरवला नाही,
पीठ झालं होतं त्याचं.
वहीत डाळीचा रकाना नव्हताच.

मीठ नाही हो घातलं, त्या म्हणाल्या,
तुमच्यात किती खातात, ठाऊक नाही.
घाला, मी म्हटलं,
तुमच्या अंदाजाने.

उतरताना जिन्यात तपकिरी कुत्रा आडवा.
एक डोळा उघडला, मला पाहिलं, मिटला.
भुंकला नाही. उठलाही नाही.
मी त्याला ओलांडून खाली आले
आणि फोन हातात घेऊन उभी राहिले,
रेवाला नेमकं काय सांगावं, ते सुचेना.